डाव्या कडेची होडी

केळवे-माहीमच्या काशीबाई मेहेर पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकतात. बोंबील, सुकट, सोडे, पावसाआधी वाकट्या. वय सत्तरीपुढे गेलं तरी टोपली स्वतःच उतरवतात, आणि कुणी मदतीला हात लावला तर तो हात झटकतात. तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाने बोंबील उचलून नाकाशी नेला की म्हणतात, "वास कसला घेतेस, अत्तर हाय काय?" गिऱ्हाईक हसतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडेच येतं.

या काशीबाईंबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. नवख्या माणसाला ती थट्टा वाटते. गोष्ट अशी की काशीबाईंचा नवरा सिनेमात आहे.

थट्टा नाही, खरंच आहे. काशीबाई लग्न होऊन माहीमला आल्या त्याच वर्षी केळव्याच्या समुद्रातल्या पाणकोटासमोर मुंबईचे शूटिंगवाले येऊन उतरले. मोठा ऐतिहासिक हिंदी सिनेमा होता, सत्तर एमएमचा. एका राजाचं आरमार गेलेलं राज्य परत जिंकायला निघतं, असा त्यात देखावा होता. त्यासाठी माहीम-केळव्याच्या शिडाच्या होड्या घेतल्या, त्यांना रंग दिले, लाकडाच्या तोफा बसवल्या, पुठ्ठ्याच्या ढाली लटकवल्या. खलाशी आपलेच. अंगात चिलखत आणि कमरेला रोजचा रुमाल. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली अख्खं गाव बघायला लोटलं होतं. सिनेमाचं नाव काही का असेना, गावात त्याला आजही ‘गलबतांचा सिनेमा’ म्हणतात.

सगळ्या होड्या पाण्यात रांगेने उभ्या राहिल्यावर दिग्दर्शकाच्या मनात आलं की शेवटच्या होडीच्या डोलकाठीवर एक माणूस हवा. भोंग्यातून त्याने विचारलं, "कोई चढ़ सकता है?" त्याचे स्वतःचे पगारी स्टंटवाले एकमेकांकडे बघत राहिले, कारण भरती चढत होती आणि होड्या चांगल्याच हलत होत्या. शेवटच्या होडीवर कमलाकांत होता. काशीबाईंचा नवरा. तो दोरखंडाला धरून सरसर वर गेला.

त्याला बजावलं होतं की समोर, समुद्राकडे बघायचं, मागे वळायचं नाही. शिडं सुटली, होड्या निघाल्या, कॅमेरा चालू झाला. आणि मधेच कमलाकांतने मान वळवून किनाऱ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, हसला. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडला, शिव्या दिल्या. पण पुन्हा होड्या रांगेला लागेपर्यंत वारा पडला, उजेड गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरीकडे जायचं होतं. जे घेतलं होतं तेच सिनेमात राहिलं.

"कशाला वलून बगितलंव?" काशीबाईंनी घरी आल्यावर विचारलं होतं.

"तू उभी होतीस ना थिकडं," कमलाकांत म्हणाला.

सिनेमा लागला तेव्हा गावातली बरीच माणसं मिळून मुंबईला बघायला गेली. काशीबाईंनी त्याआधी सिनेमा पाहिलाच नव्हता असं नाही. पालघरला पाहिले होते. पण हा पडदा म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, आणि मधे किंचित वाकलेला. समुद्र आला तेव्हा त्यांनी पाय वर घेतले. आरमार निघालं. एक होडी, दुसरी होडी, इकडून तिकडे बघताना मान फिरवावी लागत होती. अगदी डाव्या कडेला शेवटची होडी आली, आणि डोलकाठीवर चढलेला कमलाकांत. त्या म्हणतात, खऱ्या माणसाएवढा. तो वळला, हसला. काशीबाई थिएटरात ओरडल्या, "ओ, ते बगा, तुमी!" आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात ओढला. तो पडद्याकडे बघतच नव्हता. त्यांच्याकडेच बघत बसला होता.

"बगितलंव का?"

"नाय," तो म्हणाला, "तू कशी बगतेस ता बगत व्हतो."

पुढे फार दिवस मिळाले नाहीत. पुढच्याच हंगामात, दसऱ्यानंतर, अचानक वारा सुटला आणि त्याची होडी उलटली. बरोबरच्या दोघांना दुसऱ्या होडीने वर काढलं. कमलाकांत सापडला नाही. तेव्हा काशीबाईंना दिवस गेले होते. मुलगी झाली, तिचं नाव दमयंती ठेवलं. लग्नात फोटो काढायची आमच्याकडे तेव्हा पद्धत नव्हती, आणि नंतर कुणाला सुचलं नाही. त्यामुळे दमयंतीला दाखवायला बापाचा एकही फोटो घरात नव्हता. काशीबाई सांगायच्या, "तुजा बाप सिनेमात हाय. डाव्या कडेच्या होडीवर." पोर ते शाळेत सांगायची.

ती चौथी-पाचवीत असताना गलबतांचा सिनेमा टीव्हीवर लागणार असं कळलं. गावात तेव्हा टीव्ही मोजक्याच घरांत. मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत नवा आला होता, तिथे सगळे जमले. दमयंतीने वर्गातल्या साऱ्या मुली बोलावून आणल्या होत्या आणि पहिल्या रांगेत स्वतः बसली होती. आरमार निघालं. पडद्यावर मधल्या तीन-चार होड्या दिसल्या, राजा दिसला, झेंडा दिसला. डाव्या कडेची होडी आलीच नाही. देखावा संपला आणि गाणं सुरू झालं.

मुली हसल्या. एकीने विचारलं, "कुटं हाय गं तुजा बाप?"

दमयंती उठून घरी गेली. त्या दिवसापासून तिने त्या सिनेमाचं नाव काढलं नाही, आणि कुणी काढलं तर ती तिथून उठून जाई. काशीबाईंना मात्र पक्कं वाटत राहिलं की टीव्हीवाल्यांनी मुद्दाम ती होडी कापली. पुढे केबल आलं, सीडी आली. शेजारचं पोर सीडी घेऊन आलं की काशीबाई दारात उभ्या राहून तेवढाच देखावा बघत आणि म्हणत, "नाय, यातपण नाय." मग परत आपल्या कामाला लागत.

दमयंतीचं लग्न कुंभवलीला झालं. नवरा तारापूरच्या कारखान्यात फिटर. ती कारखान्यांतल्या कामगारांना डबे करून देते. त्यांची मुलगी उन्नती शिकली, आणि बोईसरलाच एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागली. आजी आणि नात यांचं चांगलं जमतं. सुट्टीच्या दिवशी उन्नती स्कूटरने माहीमला येते, आजीबरोबर बोंबील वाळत घालते, आणि आजीच्या तोंडून तीच तीच गोष्ट पुन्हा ऐकते.

गेल्या वर्षी उन्नतीला मोबाइलवर एक जाहिरात दिसली. गलबतांचा सिनेमा कुणीतरी जुन्या निगेटिव्हवरून एकेक चित्र साफ करून, रंग नव्याने जुळवून, पुन्हा आणला होता. बोईसरच्या मल्टिप्लेक्समध्ये आठवडाभर दुपारचा एक खेळ होता. त्याच जाहिरातीत खाली आणखी एक ओळ होती की येत्या रविवारी मुंबईत त्या सिनेमाची जुनी सत्तर एमएमची फिल्म, खरीखुरी रिळं, एका मोठ्या थिएटरात सकाळी एकदाच दाखवणार आहेत.

उन्नतीने आधी फोन आईला लावला.

"तुला जायचं तर जा," दमयंती म्हणाली. "आजीला ने. मला सांगू नकोस."

मग काशीबाई आणि उन्नती दोघीच गेल्या. मल्टिप्लेक्समध्ये एसी होता, म्हणून काशीबाईंनी शाल घेतली होती. खुर्ची मागे झुकली तेव्हा त्या दचकल्या आणि सबंध सिनेमाभर काठावरच ताठ बसून राहिल्या. थिएटर अर्धं रिकामं. कारखान्यांतली पहिली पाळी संपवून आलेले काही बाहेरगावचे कामगार मागे बसले होते.

चित्र सुरू झालं तेव्हा त्या पुटपुटल्या, "किती सोच्च हाय." राजाच्या अंगरख्यावरची नक्षी दिसत होती, घोड्याच्या पापण्या दिसत होत्या. समुद्र निळाशार. आरमार निघायची वेळ आली तशी त्यांनी उन्नतीचा हात धरला.

डाव्या कडेला होडी आली.

कमलाकांत डोलकाठीवर होता. एवढ्या वर्षांनी. गळ्यातला काळा दोरा दिसत होता, चिलखताचा एक बंद सुटून लोंबत होता तोही दिसला. त्याने मान वळवली, सावकाश, पूर्ण, आणि किनाऱ्याकडे बघून हसला. मग पुढची शिडं आली.

काशीबाईंच्या तोंडून आवाज फुटला. तो रडण्याचा की हसण्याचा, उन्नतीला कळलं नाही. मागच्या रांगेतला एक पोरगा पुढे वाकून म्हणाला, "क्या हुआ अम्मा? तबीयत ठीक है?"

काशीबाईंनी पडद्याकडे हात केला. "मेरा आदमी हाय."

"कहाँ?"

"वो गया," त्या म्हणाल्या.

पोरग्याने आपली पाण्याची बाटली पुढे धरली, ती काशीबाईंनी घेतली.

बाहेर आल्यावर उन्नतीला वाटलं, आजी आता भरभरून बोलेल. पण काशीबाई सरळ चालायला लागल्या. स्टेशनकडे जाताना उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबल्या, रस प्यायल्या, आणि मग म्हणाल्या, "सगलं दिसलं. दोरासुद्दा दिसला. पण लहान दिसले गं."

"पडदा लहान आहे, आजी."

"ता नाय फकस्त. पाणी तसं नव्हतं." शब्द सापडत नव्हता, तशा त्या हवेत हात हलवत राहिल्या. "घर झाडून पुसून ठेवतात ना पावणे यायच्या आदी, तसं. त्यात कुणी राहत नाय असं वाटतं. होडी हलत होती, पण माज्या पोटात नाय हलली. थितं मुंबईला बगितलं तवा पोटात हलली होती."

"मग रविवारी मुंबईला जायचं?" उन्नतीने विचारलं. "तिथे जुनी फिल्म आहे. तू पाहिलीस तसली."

काशीबाईंनी ग्लास ठेवला. "तीच?"

"तीच असेल की नाही सांगता येत नाही. पण तशीच."

रविवारी शेजारच्या विपुलने आपली गाडी काढली. पहाटेच निघाले. काशीबाईंनी लग्नकार्याला नेसतात ते लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात अबोली माळली होती. रस्ताभर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि विपुलला विचारत होत्या, "अजून किती?"

थिएटर जुनं होतं, आणि गर्दी चांगली होती. बहुतेक तरुण मुलंमुली, काही पांढऱ्या केसांचे लोक. फिल्म बरी की डिजिटल, यावर दारातच वाद चालले होते. सुरुवातीला एक बाई मंचावर येऊन म्हणाल्या की ही प्रत एका गोदामात पडून होती, तिचे रंग उडालेत, ओरखडे आहेत, मधे कुठे तुटली तर सांभाळून घ्या. मग दिवे गेले आणि मागून मशीनची घरघर ऐकू आली.

रंग खरंच उडाले होते. आकाश गुलाबी, राजाचं तोंड तांबूस, हिरवी झाडं विटकरी. चित्रावरून बारीक रेघा पावसासारख्या धावत होत्या. उन्नतीला वाईट वाटलं की आजीला एवढ्या लांब आणलं. पण तिने आजीकडे बघितलं तर काशीबाई डोळे मोठे करून पुढे झुकल्या होत्या. चित्र स्थिर नव्हतं. अगदी बारीक, माणूस श्वास घेताना छाती हलते तेवढं, सगळं चित्र हलत होतं. समुद्र आला, तोही तांबडा, मावळतीच्या वेळेसारखा, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत. काशीबाईंनी नकळत पाय वर घेतले.

"आता," त्या म्हणाल्या. "आता येल."

आरमार निघालं. मान फिरवावी लागत होती. डाव्या कडेला, पडद्याच्या अगदी शेवटाला, होडी आली आणि डोलकाठीवर कमलाकांत आला. खऱ्या माणसाएवढा. होडी कलली तसा तो काठीबरोबर कलला, आणि काशीबाई खुर्चीत त्याच अंगाला कलल्या. त्याने खांदा हलवला. मान वळायला लागली. आणि एक झटका बसला, पडद्यावर पांढरी रेघ चमकली, आणि होड्या पुढे निघून गेल्या होत्या.

काशीबाई उभ्या राहिल्या. "वलले नाय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "उन्नती, ते वलले नाय."

"बस आजी, खाली बस."

"अगं, वलायच्या आदीच गेले."

मागून कुणीतरी शू केलं. उन्नतीने त्यांना खाली बसवलं. पुढचा सबंध सिनेमा काशीबाईंनी बघितला की नाही सांगता येणार नाही. दिवे लागले तेव्हा त्या तशाच डावीकडे बघत होत्या.

सगळे निघून गेल्यावर उन्नती त्यांना घेऊन जिना चढून मशीनच्या खोलीत गेली. ऑपरेटर साठीचे गृहस्थ होते. उन्नतीने सगळं सांगितलं. त्यांनी आधी मान हलवली, म्हणाले, ही फिल्म माझी नाही, मला हात लावू देता येत नाही. मग काशीबाईंच्या लुगड्याकडे आणि अंबाड्यातल्या अबोलीकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "थांबा. नाहीतरी रीळ उलटं गुंडाळायचंच आहे."

ते रीळ उलगडत गेले आणि एका ठिकाणी थांबले. फिल्म रुंद होती, तळहातावर आडवी धरली तर बोटांच्या मुळापर्यंत येईल एवढी. टेबलाखालचा दिवा लावून त्यांनी ती काचेवर पसरली आणि एक भिंग दिलं.

काशीबाई वाकल्या. एका चित्रात तांबडा समुद्र, होड्या, आणि कडेला काठीवर नखाएवढा कमलाकांत. खालच्या चित्रात तोच. त्याच्या खालीही तोच. ओळीने किती तरी कमलाकांत एकाखाली एक, सगळे समुद्राकडे बघणारे. शेवटच्यात मान जराशी फिरली होती. त्याच्या खाली एक जोड, चिकटपट्टी लावलेली, आणि जोडाखाली भलताच समुद्र.

"इथे कधीतरी तुटली असणार," ऑपरेटर म्हणाले. "मशीनमध्ये फिल्म तुटली की खराब झालेला भाग कापून टाकायचा आणि जोडायचं. खेळ थांबवता येत नसे."

"आनि कापलेला?"

"कचऱ्यात जायचा, आजी. कधी कुणी खिशात घालून न्यायचं. पोरं खेळायला मागून घ्यायची."

काशीबाईंनी बोट पुढे केलं, मग थांबल्या. ऑपरेटरनी आपला पांढरा हातमोजा काढून त्यांना घालायला दिला. तो त्यांच्या हाताला घट्ट झाला. त्यांनी फिल्मच्या कडेला, जिथे भोकं असतात तिथे, अगदी हलके बोट टेकवलं. आणि विचारलं, "यातला एक मला द्याल?"

त्या माणसाचा चेहरा पडला. "नाही देता येणार. माझं असतं तर दिलं असतं."

"बरं." त्यांनी हातमोजा काढून परत दिला. जिन्याकडे जाता जाता वळून म्हणाल्या, "कुनीतरी नेला असंल ना खिशात? कचऱ्यात नसंल गेला."

"नेला असेल," ऑपरेटर म्हणाले.

परतताना मनोरच्या अलीकडे एका ढाब्यावर चहाला थांबले. विपुल गाडी पुसत होता. काशीबाई बशीत चहा ओतून तसाच धरून बसल्या होत्या.

उन्नतीने विचारलं, "वाईट वाटलं का, आजी?"

"थितं ते जिते होते," काशीबाई म्हणाल्या. "मी सांगते तुला, जिते होते. होडी कलली तवा माज्या पोटात कललं. पण वलले नाय. आनि बोईसरला वलतात. नीट वलतात, पूर्न." चहा निवला होता, तो त्या एका घोटात प्यायल्या. "एका जागी सगलं नाय मिलत. बोईसरला कदीपर्यंत हाय ता?"

"गुरुवारपर्यंत."

"मंग दमूला न्यायचं."

सोमवारी बाजारातून काशीबाई घरी न जाता कुंभवलीला उतरल्या. दमयंती स्वयंपाकघरात चपात्या लाटत होती, ओट्यावर डब्यांची रांग. काशीबाई दाराशी पाटावर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "दमू, सिनेमाला चल."

"आये, मी नाय येत. तुला म्हायती हाय."

"एकदा बग."

"काय बगू? जो मला कदी दिसलाच नाय, त्याला पडद्यावर बगून काय करू?" दमयंतीचं लाटणं थांबलं नाही. "सगल्या पोरींदेकत बसली होती मी. नव्हता थितं. तू बोललीस, हाय म्हनून, आनि नव्हता."

उन्नती नुकतीच कामावरून आली होती. तिने दोरीवरचा टॉवेल ओढला आणि आईसमोर ओट्यावर पसरला.

"आई, हा सिनेमाचा पडदा. एवढा रुंद. समजलं? आणि तेव्हाचा टीव्ही कसा होता, चौकोनी डबा. मग हे त्यात कसं बसवायचं?" तिने टॉवेलच्या दोन्ही बाजू आत दुमडल्या. "त्यांनी दोन्ही कडा सोडून दिल्या, मधलं तेवढं दाखवलं. आजोबा इथे होते." तिने डावी घडी थोडी उचलून दाखवली आणि पुन्हा मिटली. "कुणी कापलं नाही. आजी बघायची त्या सीडीतसुद्धा तेच."

दमयंतीने हातातली चपाती तव्यावर टाकायची ती तशीच धरून ठेवली.

"म्हंजे तवा पन होता?"

"होते ना. त्या डब्यात मावत नव्हते, एवढंच."

दमयंतीने तो टॉवेल उलगडला, पीठ लागलेल्या हाताने सरळ केला, आणि बराच वेळ त्याच्या डाव्या कडेकडे बघत राहिली. मग तवा जळायला लागला तशी वळली. काशीबाईंनी पुन्हा विचारलं नाही. जेवल्या आणि शेवटच्या गाडीआधीच माहीमला निघाल्या.

गुरुवारी शेवटचा खेळ. काशीबाई आणि उन्नती आधीच जाऊन बसल्या होत्या. चित्र सुरू व्हायच्या आत दारातून उजेडाची तिरीप आली आणि दमयंती आत आली. डबे पोहोचवून तशीच आली असावी, कपाळावर घाम होता. तिकिटाचा नंबर न बघता ती आईच्या दुसऱ्या बाजूला बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून.

"किती वेलाने येतो?" तिने विचारलं.

"येल," काशीबाई म्हणाल्या. "मी सांगते."

आरमाराचा देखावा आला तेव्हा काशीबाईंनी पडद्याकडे बघितलं नाही. लेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या तोंडावर पडद्याचा निळा उजेड हलत होता. "डावीकडं," एवढंच त्यांनी सांगितलं. दमयंतीची मान वळली. होडी आली असणार, तो काठीवर असणार. मग तो वळला असणार, कारण दमयंतीचा हात पर्सवरून सुटला आणि तोंडावर गेला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आये, तो तर पोरगा हाय."

"व्हय."

"आपल्या उन्नतीएवडा." आणि मग ती रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, लाजलज्जा सोडून. काशीबाईंनी तिला जवळ ओढली. उन्नती पलीकडून दोघींकडे बघत होती, आणि तिने पडद्याकडे बघणं केव्हाच सोडून दिलं होतं.

खेळ संपल्यावर मल्टिप्लेक्सचा मॅनेजर अनुज दारात उभा होता. आठवडाभर दुपारच्या खेळाला येणाऱ्या, बहुतेक दिवस एकट्याच असलेल्या या आजींना तो आता ओळखायला लागला होता, कारण रविवार सोडला तर काशीबाई एकाही दुपारी चुकल्या नव्हत्या. बाजार अर्ध्यावर सोडून त्या बोईसरची गाडी धरत होत्या. हे उन्नतीलाही तेव्हाच कळलं.

"उद्यापासून दुसरा सिनेमा आहे, आजी," तो म्हणाला.

"म्हायत हाय," काशीबाई म्हणाल्या. "ठेव सांबालून."

कुठे ठेवायचा, काय सांभाळायचं, हे अनुजला कळलं नाही, पण त्याने हो म्हटलं.

तिघी रिक्षात बसल्या. उन्हं उतरायला लागली होती, कारखान्यांची पाळी सुटत होती आणि रस्ता सायकलींनी भरला होता. दमयंती मधे बसली होती. तिने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला बापाबद्दल विचारलं. उंच होता का? जेवायला काय आवडायचं? पोहायला कुणी शिकवलं? काशीबाई सांगत होत्या. उंच, काठीसारखे. ओल्या बोंबलाचं कालवण. आमच्यात पोहायला कोन शिकवतं?

"आनि आवाज?" दमयंतीने विचारलं. "बोलायचा कसा?"

काशीबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सिनेमात तो बोलत नाही. त्या देखाव्यावर नुसते नगारे आणि वाऱ्याचा आवाज आहे. त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. रिक्षा खड्ड्यातून गेली.

"नाय आठवत गं," त्या हळूच म्हणाल्या. "सगलं आठवतं. आवाजच नाय आठवत."

"राहू दे, आये."

"थांब, थांब. होडी लागली की किनाऱ्यावरनं मला हाक मारायचे." त्यांनी घसा खाकरला आणि जरा जाड आवाज काढून म्हटलं, "काशे!" रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. "नाय, असा नाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वेगळ्या सुरात म्हणून बघितलं, शेवटचं अक्षर लांबवून. "काशेऽ. नाय, यापेक्षा खालचा होता." दमयंती आईच्या ओठांकडे बघत होती. कुंभवलीचा फाटा येईपर्यंत काशीबाई आपल्याच नावाने स्वतःला हाका मारून बघत राहिल्या.